बाटली देणाऱ्याला जाब विचारा

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची, कडक मद्यासाठी 25 वर्षांची. हातभट्टीवर मात्र वय कोण विचारणार? म्हणूनच सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, 2021 मध्ये सुरू केलेले ‘ऑपरेशन परिवर्तन’ महत्त्वाचे ठरते. भट्ट्या फोडून पोलीस परत फिरले नाहीत. अधिकाऱ्यांनी गावे-तांडे दत्तक घेतले, मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत घरोघरी बोलणी केली, दारू गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्यासाठी धडपड केली. ज्या घराची चूल भट्टीवर पेटते, तिथल्या पोराला नुसता उपदेश देऊन काय उपयोग?

आता पुढचे पाऊल गावाने आणि तरुणांनी टाकायला हवे. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार मुलाला दारू देणाऱ्यास आणि मुलाकरवी ती विकणाऱ्या वा वाहून नेणाऱ्यासही सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे किती पालकांना, किती दुकानदारांना ठाऊक आहे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी ही माहिती प्रत्येक गावात पोहोचवावी. दहावीतला मुलगा पोलिसांपेक्षा कॉलेजातल्या दादाचे, ताईचे लवकर ऐकतो. गणेश मंडळांनी मिरवणुकीत पिऊन येणाऱ्याला ढोलाला हात लावू देऊ नये. तिथेच कोवळी पोरे पहिला घोट शिकतात. ग्राम बाल संरक्षण समित्यांनी शाळेभोवतालच्या विक्रीची तक्रार लेखी द्यावी आणि तिचे काय झाले, हे ग्रामसभेत विचारावे.