पोरगं टीव्हीवर दिसलं की आपलं, गावात होतं तेव्हा कुणाचं?

मंडळी, संदीप पाठक पडद्यावर दिसला की आपण लगेच शेजारच्याला सांगतो, "आपल्या बीडचाय, माजलगावचा!" अभिमान वाटतो, वाटायलाच पाहिजे. 'एक हजाराची नोट'मध्ये त्यानं केलेला सुदामा आठवा. गोव्याच्या इफ्फीत 2014 ला त्या सिनेमाला पुरस्कार मिळाले. आणि एवढं होऊनही 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन तो गावोगाव फिरतोच.

हे 'वऱ्हाड' मुळात लक्ष्मण देशपांडे सरांचं. औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणारा माणूस. पन्नासच्या वर पात्रं, आणि ती सगळी एकटा माणूस करणार. नेपथ्य नाही, रंगभूषेचा थाट नाही. खांद्यावरचं उपरणं इकडून तिकडं घेतलं की म्हाताऱ्याची बाई व्हायची. गिनीज बुकात नोंद झाली. 2009 साली सर गेले. मला त्यांचं मोठेपण रेकॉर्डात वाटत नाही. आपली भाषा तोवर नाटक-सिनेमात बहुतेक गड्याच्या, हवालदाराच्या तोंडी, हसण्यापुरती यायची. सरांनी अख्खं नाटक तिच्यावर उभं केलं. लोक हसले, पण शेवटी डोळे पुसत उठले. पुढं मकरंद अनासपुरेनं तीच बोली पडद्यावर हिरोच्या तोंडी घातली. तोही त्याच विभागात शिकलेला.

आता मुद्द्यावर येतो.

ही माणसं घडली ती कुणीतरी शिकवलं म्हणून आणि उभं राहायला जागा मिळाली म्हणून. आज आपल्या धर्मापुरीतल्या एखाद्या पोराला नाटक करायचंय, तर त्यानं कुठं करायचं? शाळेच्या गॅदरिंगला एक दिवस मंडप. गणपतीत स्टेज असतं, पण त्याच्यावर डीजे. मी कॉलेजात असताना आम्ही एकांकिका बसवली होती. तालमीला जागा मागितली तर उत्तर आलं, "परीक्षेचा अभ्यास करा." शेवटी खळ्यावर तालीम केली, मोटारसायकलच्या उजेडात. त्या पोरांतलं आज एकही नाटकात नाही.

कुणी म्हणेल, पाण्याचं बघा आधी, रस्त्याचं बघा. दादा, ते तर बघायचंच. पण मी काही वातानुकूलित नाट्यगृह मागत नाही. एक पक्का चौथरा, वर पत्रा, चार लाइट, बरा माईक. 'वऱ्हाड'ला याच्यापेक्षा जास्त काय लागतं? गावात एका निवडणुकीत जेवढे बॅनर लागतात, तेवढ्याच पैशात बरंचसं होईल.

आपल्या केदारेश्वराच्या भिंतीवरच्या सुरसुंदऱ्या बघायला लांबून लोक येतात. चालुक्यांच्या काळात कुणीतरी कलाकाराला काम दिलं, म्हणून आज आपल्याकडं दाखवायला काहीतरी आहे. आपण मागं काय ठेवणार?

आणि बीडचं नाव हल्ली बातम्यांत कशासाठी येतं, ते मी सांगायला नको. पोरांच्या हातात काय द्यायचं, हे गावानंच ठरवायचं असतं.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. पटत असेल तर या. पटत नसेल तरी या, तिथं भांडू. पण घरी बसून नुसता अंगठा देऊ नका.