घरखर्चाची वही : तीन वस्तूंची एक मोळी



आजचा हिशोब खत-बियाण्याचा नाही. भिंतीला भोक पाडून घरात शिरणाऱ्या एका बारीक तारेचा आहे. ही तार आता शहरापुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी ती पोचली, तिथून मोठ्या खेड्यांत आली, आणि तिच्या मागोमाग पत्रके वाटणारी पोरेही आली. इंटरनेट, फोन आणि टीव्ही, तिन्ही एकाच बिलात. सहा महिन्यांचे पैसे आधी भरा, पेटी फुकट! त्या पोरांना चहा जरूर पाजा. सही करण्याआधी मात्र नवी मुंबईतल्या एका घराची वही माझ्याबरोबर चाळून घ्या.

खताच्या दुकानातले लिंकिंग आपल्याला काही नवे नाही. युरियाच्या दोन गोण्या मागितल्या की दुकानदार म्हणतो, सोबत ही बाटली घ्यावी लागेल. ते बेकायदा आहे, तरी चालते. तारेच्या धंद्यातली मोळी बेकायदा मुळीच नाही, पण तिची बांधणी तशीच असते. तुम्हाला हवे असते इंटरनेट, त्याला फोन आणि साडेतीनशे वाहिन्या बांधून दिलेल्या असतात. तिन्ही वस्तू घरात खरोखर वापरात असतील तर मोळी सुटीपेक्षा स्वस्त पडते, हेही खरे. प्रश्न एवढाच की त्या वापरात आहेत काय?

माझा भाचा कोपरखैरण्याला राहतो. मूळ गाव खटाव तालुक्यात. नवी मुंबईत आपल्याकडच्या माणसांची एवढी वस्ती का, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. १९६९ साली माथाडी कायदा झाला, पुढल्याच वर्षी, १९७० साली सिडकोची स्थापना झाली, मग कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून खाडी ओलांडून तिकडे गेला आणि पाठीवर गोणी वाहणारी साताऱ्याकडची, सांगलीकडची, जुन्नर-आंबेगावची माणसे कोपरखैरणे-घणसोलीत घरे करून राहिली. भाच्याचे वडील त्यांतलेच. भाचा आता एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, सूनबाई डबे करते, नात बारावीला, नातू आठवीला आणि माझी थोरली बहीण आक्का त्यांच्यापाशी असते. गावची जमीन धाकटा भाऊ बघतो. खताच्या वेळेला इकडून पैसे जातात.

त्या खताच्या पैशावरूनच गोष्ट निघाली. भाच्याच्या घरी मोळीचे बिल महिन्याला ९९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७८ रुपये ८२ पैसे. पत्रकात ९९९ मोठ्या अक्षरात असते, कर खाली मुंगीएवढ्या. याच कंपनीचा ४९९ चा प्लॅन होता, करासह ५८८ रुपये ८२ पैसे. त्यात टीव्ही नाही आणि इंटरनेटचा वेग कमी. भाचा म्हणाला, "मामा, सरळ हिशोब आहे. टीव्ही काढून टाकतो. महिन्याला ५९० वाचले."

आक्का काही बोलली नाही. वाती वळत बसली होती, वळतच राहिली.

माझे एक मत आहे आणि ते मी बरीच घरे पाहून बनवले आहे. घरात काटकसर करायची ठरली की पहिली कुऱ्हाड जो बोलत नाही त्याच्या वस्तूवर पडते. म्हाताऱ्या माणसाची तंबाखू आधी बंद होते, तरण्याची गुटख्याची पुडी मागून. टीव्ही बघते कोण, तर आक्का, संध्याकाळी दोन तास. वेगवान इंटरनेट वापरतो कोण, तर भाचा आणि नातू. त्याला हात लावायचे कोणाच्या मनात नव्हते. सूनबाईने मात्र ते हेरले. ती म्हणाली, "आधी आठवडाभर लिहून तर काढू, कोण काय वापरतं ते."

दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर मांडते, त्याच्याच मागच्या बाजूला तिने रकाने पाडले. आठवड्याने जे दिसले ते असे. फोन, म्हणजे मोळीतला तो 'फुकट' लँडलाइन, एकदाही वाजला नाही. वाजणार कसा, त्याला लावायचे यंत्रच कोणी आणले नव्हते! साडेतीनशे वाहिन्यांपैकी सात लागल्या, त्यातल्या तीन चुकून. सिनेमे-मालिका दाखवणारी तीन ॲप मोळीत होती. एक वापरात, दुसरे कोणी उघडले नव्हते आणि तिसरे भाच्याच्या मोबाईलच्या रिचार्जमध्येही होते. एकाच वस्तूचे पैसे दोन ठिकाणी.

राहिला वेग. इथे लोक फार फसतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. इंटरनेटचा वेग एमबीपीएसमध्ये मोजतात. ही पाइपाची जाडी समजा. विहिरीवरची मोटर तीन इंची पाइपाने पाणी फेकते म्हणून कोणी स्वयंपाकघरातल्या नळाला तीन इंची पाइप जोडत नाही. हंडा भरायला अर्धा इंच पुरतो. टीव्हीवर चांगले स्वच्छ चित्र दिसायला साधारण ५ एमबीपीएस लागतात, तोंड बघून बोलायच्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन. भाच्याच्या घरी टीव्हीवर सिनेमा, नातीचा क्लास, नातवाचा व्हिडिओ आणि आणखी एक मोबाईल, सगळे एकदम चालू धरले तरी बेरीज वीसच्या आत. आणि ते पैसे भरत होते १५० एमबीपीएसचे. ४९९ च्या प्लॅनमध्ये ४० होते. घरात चार माणसे मोठमोठ्या फाइली पाठवायचे काम करत असतील तर गोष्ट वेगळी. स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याच्या डेटाला मर्यादा किती आहे, तेवढे मात्र विचारावे. ती ओलांडली की पाण्याचा दाब गेल्यासारखे होते.

मग टीव्हीचे काय केले? तो ठेवला, पण मोळीतून सोडवून. २०१९ सालापासून ट्रायच्या नियमाने गिऱ्हाइकाला वाहिन्या सुट्या निवडता येतात. बिलाचे दोन भाग असतात: एक जोडणीचे भाडे आणि दुसरा पैसे देऊन घ्यायच्या वाहिन्यांचा. मोफत वाहिन्यांना वेगळी किंमत नसते. भाड्याला १३० रुपये अधिक कर अशी कमाल मर्यादा होती. २०२० च्या मार्चपासून तेवढ्यात २०० वाहिन्या मिळू लागल्या. २०२४ च्या जुलैत ट्रायने ती मर्यादा काढली, त्यामुळे आता भाडे किती हे आपल्या केबलवाल्याला तोंडावर विचारावे लागते. भाच्याने केबल घेतली, मोफत वाहिन्या आणि आक्काच्या दोन मराठी. करासह २१० रुपये. ॲपवर तीच मालिका स्वस्तात बघता येते, असे नातू सांगत होता. पण दोन रिमोट आणि इंग्रजी पाट्यांची चाळण आक्काने रोज का करावी?

म्हणजे ५९० वाचायचे ते ३८० वाचले, वर्षाचे ४५६०. मधले २१० वाया गेले, असे मला वाटत नाही.

पुढचा पैसा मोबाईलमध्ये सापडला. घरात तार आली की मोबाईल घरात असेपर्यंत वायफायवर चालतो. तरी सूनबाई आणि नात दोघींच्या फोनला रोज २ जीबीचे रिचार्ज होते. न वापरलेला डेटा रात्री बाराला मरतो, उद्यासाठी उरत नाही. त्या दोघींना खालचा रिचार्ज पुरला आणि फोनमागे शंभर रुपये उतरले. भाचा दिवसभर बाहेर असतो, त्याचा तसाच ठेवला. हे शंभर रुपये वर्षातून १२ वेळा वाचत नाहीत बरे का, १३ वेळा वाचतात. रिचार्जचा महिना २८ दिवसांचा. ३६५ ला २८ ने भागून पहा. म्हणून दोन फोनांचे २६०० झाले. मोळीचे ४५६० त्यात मिळवा: ७१६०. पीएम-किसानचे वर्षाला ६००० येतात, ते तीन हप्त्यांत आणि वाट बघायला लावून. इकडे त्याहून जास्त रक्कम घरातच निघाली. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. २६ गोण्या होतात. धाकट्या भावाला एवढा युरिया लागतही नाही, म्हणून उरलेल्यातून नातीच्या परीक्षेची फी भरली.

प्लॅन उतरवणे हे काम मात्र चढवण्याइतके सोपे नसते. चढवायला एक बटण पुरते; उतरवायला गेले की पलीकडची बाई गोड आवाजात सांगते, यात आणखी शंभर घाला, दुप्पट मिळेल. "नको, कमीच करायचे आहे," एवढेच वाक्य तीनदा म्हणावे. आधी भरलेल्या पैशांची मुदत कधी संपते ते बघून त्या तारखेच्या आठ दिवस अगोदर बोलावे, नाहीतर उरलेले पैसे अडकतात. तक्रार वा मागणी नोंदवली की डॉकेट नंबर मागून वहीत टिपून ठेवावा. टीव्हीची पेटी परत करताना पावती घ्यावीच. भाच्याकडची पेटी न्यायला आलेला पोरगा पावती न देता गेला आणि पुढल्या बिलात पेटीची किंमत लावून आली. सूनबाईने पेटी देतानाचा फोटो काढून ठेवला होता म्हणून, दोन आठवड्यांनी का होईना, ती रक्कम वजा झाली. ग्राहक सेवेने ऐकले नाही तर त्याच कंपनीत अपील करता येते, आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यावर मराठीत बोलता येते.

आता गावच्या घरात येऊ. इथे मोळी नसेल, पण गळती तीच आहे.

चुलीपाशी बसलेल्या आजीच्या बटनाच्या फोनला इंटरनेट लागतच नाही, तरी तिचे रिचार्ज डेटासकट होते. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने कंपन्यांना नियम घालून दिला, की फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्याचेही रिचार्ज ठेवले पाहिजे, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. २०२५ च्या जानेवारीपासून तशी रिचार्जे मिळू लागली. दुकानदार ते आपणहून क्वचितच सांगतो; "डेटा नको, बोलण्याचेच दे" असे म्हणावे लागते. त्याचप्रमाणे २०२२ च्या जानेवारीत आलेल्या आदेशाने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचे निदान एक रिचार्ज ठेवावे लागते. २८ आणि ३० दिवसांच्या किमती दिवसाला किती पडतात, हे घरातल्या शाळकरी पोराकडून काढून घ्यावे. भागाकाराचा सरावही होईल.

टीव्हीसाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे, २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली. छत्री आणि पेटी एकदा विकत घ्यायची, महिन्याचे भाडे काही नाही. सह्याद्री दिसते, २०१५ साली निघालेली डीडी किसान दिसते. खाजगी वाहिन्या लिलावाने घेतल्या जातात, त्यामुळे आज दिसणारी मालिका पुढल्या वर्षी दिसेलच असे नाही; ठरावीक मालिकेवर जीव असलेल्या माणसाला हे आधी सांगून ठेवलेले बरे.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नका, आणि नेमकी तिथेच ती आधी केली जाते. म्हाताऱ्या आईचा फोन दिवसाकाठी एकदा वाजतो, मग त्याला रिचार्ज कशाला, असा विचार पोरे करतात. तिच्या त्याच नंबरला बँकेचे खाते जोडलेले असते, आधार असते, पीएम-किसानची नोंदणी असते. ओटीपी तिथे येतो. ९० दिवस वापर नसला तर सिम बंद पडू शकते, आणि बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला दिला जातो. मग बँकेत अंगठा लावायला, अर्ज द्यायला खेपा होतात, आणि एसटीच्या तिकिटात रिचार्जचे दुप्पट पैसे जातात. कंपनी महाग वाटत असेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २०११ च्या जानेवारीपासून आहे. त्याच फोनवरून १९०० ला पोर्ट असे लिहून पुढे आपला नंबर घालून एसएमएस करायचा, की एक कोड येतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. आणि घरात दोन सिमे झाली आहेत, एक खरोखरच बंद करायचे आहे, तर पहिल्यांदा बँकेत आणि आधार केंद्रात जाऊन तिथला नंबर बदलून घ्या. रिचार्ज त्यानंतर थांबवा.