एक मूत्रपिंड आणि खेळाचें मैदान

मुलास मैदानापासून दूर ठेवलें म्हणजे त्याचें रक्षण झालें, असें पुष्कळ पालकांस व शिक्षकांसही वाटतें. जन्मतः एकच मूत्रपिंड असलेल्या, किंवा आजारामुळें एक काढावें लागलेल्या मुलांविषयीं तर ही समजूत फारच दृढ आहे. आमच्या मतें ती बरोबर नाहीं.

एक मूत्रपिंड नसल्यास दुसरें आकारानें वाढून दोहोंचें काम करूं लागतें. त्यास इजा झाल्यास दुसरा आधार नाहीं, हें खरें. म्हणून भय स्वाभाविक आहे. परंतु अनुभव काय सांगतो? अमेरिकेंतील माध्यमिक शाळांच्या खेळाडूंविषयीं २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत एकंदर २३,६६६ दुखापतींपैकीं गुडघ्याच्या ३,४५० होत्या, तर मूत्रपिंडाच्या अवघ्या १८. व त्यांपैकीं एकीसही शस्त्रक्रिया लागली नाहीं. आपल्या देशांतील अंजू बॉबी जॉर्ज यांनीं २००३ सालीं पॅरिसच्या जागतिक स्पर्धेंत लांब उडींत कांस्यपदक मिळविलें. आपणांस एकच मूत्रपिंड असल्याचें त्यांनीं २०२० सालीं जगास सांगितलें.

धांवणें, उडी, तिरंदाजी यांस बहुधा प्रत्यवाय नसतो. कबड्डीसारख्या झोंबाझोंबीच्या खेळाविषयीं मात्र डॉक्टरांनीं त्या त्या मुलास तपासून निर्णय द्यावा. सायकलवरून व झाडावरून पडण्याचें भय तर मैदानाबाहेरचें आहे. त्याचाही विसर पडूं नये.

आमच्या वनप्रदेशांत ह्या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथें दवाखाना झाला, १९७६ सालीं निवासी शाळाही निघाली. तथापि जिल्ह्याचें गांव गडचिरोली तेथून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, आणि पावसाळ्यांत नदीनाले वाट अडवितात. वसतिगृहांत आईबापही जवळ नसतात. अशा ठिकाणीं मुलाच्या प्रकृतीची ही गोष्ट शिक्षकांस ठाऊक असणें, हेंच पहिलें संरक्षण होय. कुशीस मार बसून दुखूं लागल्यास, लघवी लाल झाल्यास किंवा घेरी आल्यास सकाळची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. वेदनाशामक गोळी आपल्या मनानें देऊं नये.

मुलाचा खेळ बंद होईल म्हणून पालक ही गोष्ट लपवितात. आपणांवर ठपका येईल म्हणून शाळा खेळ बंद करते. एकाच्या भीतीनें दुसऱ्याची भीति वाढते, आणि मूल मात्र निष्कारण धोक्यांत राहतें. पालकांनीं प्रवेशाच्या वेळींच लेखी कळवावें. शाळेनें डॉक्टरांचा सल्ला दप्तरीं ठेवून त्याप्रमाणें त्यास खेळूं द्यावें. ज्यानें खरें सांगितलें त्यासच आपण मैदानाबाहेर बसविलें, तर पुढील वर्षीं कोणीही खरें सांगणार नाहीं.