ठिपके हवेत, बोका नको

फ्लॅट सातव्या मजल्यावर, गॅलरीला जाळी नाही, नवरा-बायको सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतणार, आणि घरात आणायचंय काय? तर बंगाल मांजर. का, म्हणून विचारावं तर छाती फुगवून उत्तर येतं, "अर्धं बिबट्या असतं ते!" माझं डोकं फिरतं ते इथे.

अर्धं? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आजच्या बंगाल मांजरांमध्ये रानटी पूर्वजाचा वाटा सरासरी तीन-चार टक्के निघाला. तो पूर्वजही बिबट्या नव्हे, घरच्या मांजराएवढं बिबट मांजर. सह्याद्रीतही आहे ते. पण त्याच्यासोबत सेल्फी निघत नाही, म्हणून त्याची चौकशी कुणी करत नाही.

जात अमेरिकेतली. सेंटरवॉल नावाचे डॉक्टर कॅलिफोर्नियात मांजरांच्या ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी बिबट मांजराचे संकर करत होते. त्यांच्याकडची काही संकरित मांजरं १९८०च्या सुमारास जीन मिल यांनी घेतली आणि पिढ्यान्पिढ्या घरगुती मांजरांशी जुळवत ही जात घडवली. गंमत पुढेच आहे. ज्या सोनेरी चकाकीसाठी तुम्ही पगार ओतता, ती त्यांना १९८२ साली दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणाऱ्या भटक्या मांजराकडून मिळाली. तसल्याच मांजराला आपल्या सोसायटीत वॉचमन काठी दाखवतो.

बरं, रानटीपणा नावापुरताच उरला, म्हणून मांजर गरीब झालं असं नाही. ते फ्रिजवर चढणार, नळाखाली पंजे घालणार, कपाटाची दारं उघडणार, पहाटे चारला घसा फाडून ओरडणार. त्याला भिंतीवर चढायच्या फळ्या हव्यात, खिडक्यांना मजबूत जाळी हवी, आणि रोज सकाळ-संध्याकाळ हातात पिसांची काठी घेऊन त्याला दमवणारा माणूस हवा. खेळण्यांची टोपली ओतून मोबाइलमध्ये डोकं घालणारा नव्हे. हे मिळालं नाही की सोफ्याच्या चिंध्या होतात. नसबंदी लांबवलीत तर बोका पडद्यांवर फवारेही मारतो. मग तोच घमेंडखोर मालक विचारतो, "हे असं का वागतं?"

विकणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. दीड महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून खोक्यात घालून देतात. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू देणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. आईबापांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली आहे का, पायरुव्हेट कायनेजच्या कमतरतेची आणि अंधत्व आणणाऱ्या डोळ्यांच्या आनुवंशिक विकाराची डीएनए चाचणी केली आहे का, हे विचारा आणि कागद मागा. वंशावळीची सोनेरी चौकट पुढे सरकवली तर ती भिंतीला लावायला छान आहे. आणि कुणी "पहिल्या पिढीचं आहे, खास तुमच्यासाठी" असं कुजबुजलं, तर त्याचा एक पालक साक्षात बिबट मांजर, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. तो त्याच्याकडे कुठून आला, एवढं विचारून बघा, कुजबुज थांबते.

यातलं काहीच न विचारता घेतलेल्या मांजरांच्या जाहिराती मी वाचत असतो. "बंगाल, दीड वर्षाचा, अत्यंत प्रेमळ, घर बदलत असल्याने देणे आहे." घर बदलणाऱ्यांचा सोफा बरा नव्या घरी जातो!