फसवणुकीची कसोटी सर्वांना एकच हवी

एक रुपयात पीक विमा देणारी राज्याची योजना 2023 च्या खरिपात आली आणि 2025 मध्ये गुंडाळली गेली. कारण पुढे करण्यात आले ते बोगस अर्जांचे. शासकीय व देवस्थानांच्या जमिनींवर विमे उतरवले गेले, हे खुद्द राज्यकर्त्यांनीच मान्य केले. परंतु या गदारोळात भोकरचा सोयाबीन पिकवणारा कोरडवाहू शेतकरीही संशयितांच्या रांगेत उभा केला गेला. म्हणूनच फसवणूक कशाला म्हणावे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

खोटे आहे हे ठाऊक असूनही ते खरे म्हणून सांगणे, माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर दडवणे आणि पाळण्याचा इरादा नसताना वचन देणे, या गोष्टींना 1872 च्या करार कायद्याचे कलम 17 फसवणूक मानते. कसोटी हेतूची आहे. गट क्रमांक चुकणे किंवा नुकसानीची खबर 72 तासांत न पोचणे ही चूक होय, लबाडी नव्हे.

प्रा. वि. म. दांडेकर यांनी 1976 मध्ये क्षेत्राधारित पीक विम्याची मांडणी केली. भरपाई एकेका शेतावरून न ठरता परिसराच्या सरासरी उत्पादनावरून ठरली, तर एकट्याला नुकसान फुगवून सांगता येत नाही. आज महसूल मंडळ हे त्याचे एकक आहे. मग उरते ती न पेरलेले पीक पेरले असे दाखवण्याची लबाडी. सेवा केंद्राला अर्जामागे 40 रुपये मिळत होते. अर्ज खरा की खोटा, याच्याशी त्या मोबदल्याचा संबंध नव्हता. शेतकऱ्याचा रुपया वगळता सारा हप्ता सरकारी तिजोरीतून जात होता. अशा अर्जांना पाठीशी घालणे म्हणजे जनतेच्याच पैशाची लूट झाकणे होय.

आता दुसरी बाजू पाहा. बोगस विमा काढणाऱ्या खातेदाराला पाच वर्षे काळ्या यादीत टाकण्याची तरतूद झाली. भरपाई रखडवणाऱ्या कंपनीला मात्र 12 टक्के व्याजाचा दंड, तोही वसूल झाला तर! प्रत्येक विलंब ही फसवणूक नव्हे, हे खरे. परंतु बांधावर न जाता लिहिलेला पंचनामा आणि जाणूनबुजून बदललेला पीक कापणीचा आकडा यांना तेच कलम 17 लागू पडते.

तेव्हा विमाधारकांची व क्षेत्राची यादी ग्रामसभेत वाचली जावी, पीक कापणी प्रयोग गावासमक्ष व्हावेत आणि त्यांचे आकडे चावडीवर लागावेत, ही आपली मागणी असली पाहिजे. उजेडाची भीती प्रामाणिक शेतकऱ्याला नाही. ती कोणाला आहे, हे मग आपोआप कळेल.