अल-सूफींचा 'लहान ढग'

इ. स. 964 च्या सुमारास इराणमधील इस्फहान येथे अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ताऱ्यांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. देवयानी तारकासमूहाजवळ दिसणाऱ्या एका 'लहान ढगा'ची नोंद त्यांनी त्यात केली. देवयानी दीर्घिकेची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानली जाते. दुर्बीण यायला तेव्हा आणखी साडेसहाशे वर्षे होती.

तो ढग नव्हता. आपल्या आकाशगंगेसारखीच, अब्जावधी ताऱ्यांची ती सर्पिल दीर्घिका आहे. अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे. मात्र तिच्याभोवती वायूचा खराखुरा ढग आहे. तो इतका विरळ, की कोणत्याही दुर्बिणीतून फोटोत उमटत नाही. मग तो मोजायचा कसा?

मागच्या उजेडावरून! देवयानीच्या खूप पलीकडे क्वेसार नावाचे अतितेजस्वी स्रोत आहेत. त्यांचा प्रकाश या वायूतून आपल्याकडे येतो. वायूतले प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशातले ठरावीक रंगच शोषून घेते आणि वर्णपटात तेथे काळी रेघ पडते. रेघ कुठे आहे यावरून मूलद्रव्य ओळखता येते. ती किती गडद आहे यावरून त्याचे प्रमाण कळते. वाटेत आपल्या आकाशगंगेचाही वायू लागतो. पण देवयानी सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याने तिच्या रेघा निळ्या बाजूला सरकतात आणि वेगळ्या काढता येतात. या रेघा अतिनील प्रकाशात असतात. तो पृथ्वीच्या हवेत अडतो, म्हणून हे काम अवकाशातील हबल दुर्बिणीला करावे लागले.

अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचे निकोलस लेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे 43 क्वेसार तपासले. 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हा वायू देवयानीपासून 13 लाख प्रकाशवर्षांपर्यंत, काही दिशांना तर 20 लाखांपर्यंत पसरला आहे. म्हणजे आपल्या निम्म्या वाटेपर्यंत तो आलाच आहे!

याचे महत्त्व काय? वायू हा नव्या ताऱ्यांचा कच्चा माल. दीर्घिकेच्या तबकडीतला साठा तारे घडवता घडवता संपत जातो. बाहेरचा वायू आत उतरला तरच काम चालू राहते. शिवाय या ढगात सिलिकॉन आणि कार्बन सापडले. ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटातच शिजतात. याचा अर्थ, स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्यांची राख तिथवर पोचली आहे. त्यातील काही पुन्हा आत येऊन नव्या पिढीच्या ताऱ्यांत मिसळेल. जुन्याचे नवे करणारा हा कारभार किती काळ चालेल, हे या साठ्यावर अवलंबून आहे. मोजमापाचा खटाटोप त्यासाठी.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, चंद्र नसलेल्या संध्याकाळी, गावातल्या दिव्यांपासून दूर जाऊन मुलांना हा 'लहान ढग' जरूर दाखवा. निरभ्र आकाशात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्याभोवतीचा खरा ढग डोळ्यांना दिसला असता, तर त्याची रुंदी सप्तर्षींच्या तिप्पट भरली असती.