बाईनं गाव सोडायचं की नाही, हे ठरवणार कोण?



मी काम करते त्या संस्थेच्या तिमाही अहवालात एक रकाना आहे : ‘रोखलेले स्थलांतर (महिला)’. कारधा आणि आसपासच्या गावांतल्या किती बायकांना आम्ही गावातच थांबवलं, ती संख्या तिथे भरायची. आकडा मोठा असला की वरचे खूश आणि पुढचा हप्ता वेळेवर. पाच वर्षं मी तो रकाना बिनदिक्कत भरला. एका तिमाहीत तिथे १४ लिहिले होते. त्या चौदांतल्या एकीमुळे हा लेख लिहायला बसले आहे.

ती आमच्या बचत गटातली. वय सव्वीस, दहावी पास, एक मुलगी. तिची मोठी बहीण पुण्याला वाकडमध्ये चार घरी स्वयंपाक करते. बहिणीनं बोलावलं होतं. सासू माझ्याकडे आली : ‘बाई, तिले समजावून सांगा. पोरीले घेऊन जातो म्हनते.’ मी समजावलं. खोलीचं भाडं किती, एकट्या बाईला खोली देतं कोण, मुलीची शाळा बुडेल, गटाचे हप्ते थकतील, आणि काही झालं तरी गावात आपली माणसं असतात, असं सगळं बोलले. नवरा पिऊन मारतो हे मला माहीत होतं. आपण त्याच्याशी बोलू, वेळ पडली तर तक्रार करू, असंही म्हटलं. तिनं ऐकून घेतलं, बैठकीच्या वहीत सही केली, आणि चौदावी म्हणून माझ्या आकड्यात जमा झाली.

आठ महिन्यांनी डोक्याला टाके घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘ताई, तुमी मले थांबवलं. पन तुमी तर पुन्याले राहून आल्या ना?’

हो, आले होते. नागपूरला एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी पुण्यात चार वर्षं नोकरी केली. घरच्यांचा विरोध होता, तरी गेले. माझ्या जाण्याला सगळ्यांनी ‘अनुभव’ म्हटलं, ‘धाडस’ म्हटलं. तिचं जाणं मात्र ‘स्थलांतर’, म्हणजे समस्या, म्हणजे रोखायची गोष्ट. शिकलेली बाई गेली तर तिचा निर्णय आणि मजूर बाई गेली तर तिची अगतिकता, हा भेद आमच्या रकान्यात पहिल्यापासून होता. मला तो दिसला नाही, कारण मी त्याच्या सोयीच्या बाजूला उभी होते.

‘गावात आपली माणसं असतात’ हे वाक्य मी किती सहज बोलले! कुणाची माणसं? आपलं भंडारा बाबासाहेबांना विसरणारं नाही. १९५४ साली त्यांनी इथूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. त्याच्या सहा वर्षं आधी, ४ नोव्हेंबर १९४८ला, घटना समितीत त्यांनी भारतीय खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना खडसावलं होतं. खेडं म्हणजे अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं घर, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांनी गावावर प्रेम कशासाठी करावं? खैरलांजी याच जिल्ह्यातली. सुरेखा भोतमांगे आपली जमीन धरून होती, लेकरांना शिकवत होती. २९ सप्टेंबर २००६ला तिला आणि तिच्या तिन्ही मुलांना गावानंच मारलं. शहरात काही घडलं की आपण म्हणतो, ‘म्हणून बायकांनी शहरात जाऊ नये.’ खैरलांजीनंतर ‘म्हणून बायकांनी गावात राहू नये’ असं कोणत्या संस्थेनं अहवालात लिहिलं?

आणि ज्या गावात आपण बाईला थांबवतो, तिथे तिच्यासाठी आहे काय? कारधा वैनगंगेच्या काठावर, पलीकडे भंडारा शहर, मधून मुंबई-कोलकाता महामार्ग. बाहेरच्याला वाटेल, एवढं मोक्याचं गाव, कामाला काय तोटा? पण बाईचं काम म्हणजे रोवणीचे आणि कापणीचे दिवस. त्यात पाठ मोडेस्तोवर चिखलात उभं राहायचं आणि उरलेलं वर्ष हात रिकामे. या जिल्ह्यातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या विड्या वळल्या, तेही काम आता आटलं आहे. खाली गोसीखुर्दचं धरण झालं. १९८८ साली भूमिपूजन, २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. धरणाचं पाणी फुगत इथवर आलं. काठच्या गावांतल्या ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला मिळाला, पण तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. बायकोचंही नाव सातबाऱ्यावर लागावं म्हणून १९९२मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आली होती. तुमच्या गावात किती बायकांची नावं लागली, ते तलाठ्याकडे जाऊन एकदा विचारा. जमीन गेली तेव्हा बाईच्या हातात पैसा आला नाही, आणि आता ती कामासाठी बाहेर पडते तर आपण तिला मातीची ओढ शिकवतो!

लॉकडाऊनची आठवण काढणारे पुष्कळ भेटतात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि छत्तीसगड, ओडिशाकडे निघालेली माणसं याच रस्त्यानं पायी गेली. पोरं खांद्यावर, बायकांच्या डोक्यावर गाठोडी. ते पाहून अनेकांनी निष्कर्ष काढला, ‘बघा, शेवटी गावच खरं.’ त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहर आणि काठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. पुण्याहून परत आलेल्या मुलींनी आई-बापाचं धान्य माळ्यावर चढवलं, आणि पाणी ओसरल्यावर त्याच मुली पुन्हा कामाला निघाल्या. गाव खरं असतं तर त्या थांबल्या नसत्या का?

म्हणजे शहर हे मुक्तीचं द्वार, असं मला म्हणायचं आहे का? अजिबात नाही. पुण्याच्या वस्त्यांत मी चार वर्षं घरकामगार बायकांबरोबर काम केलं आहे. तिथे आडनावावरून जात विचारतात. चहाचा कप वेगळा ठेवतात. दहा मजले चढून जाणाऱ्या बाईला सोसायटीत लघवीला जागा नसते. बाहेर पडताना पिशवी तपासतात. महानगर भराभर वाढतं आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ला ११ गावं आली, २०२१ला आणखी २३. इमारती उठतात तसतशी आपल्या बाईची खोली आणखी लांब ढकलली जाते आणि तिचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. हे सगळं खरं आहे. पण त्याच बायकांना मी विचारलं, परत जायचंय का? एक बाई हसून म्हणाली, ‘पैसा माझ्या हातात येतो बाई. कोनाले मागाव लागत नाही.’ हे उत्तर आमच्या अहवालाच्या कोणत्या रकान्यात बसतं?

आता सरकारच्या रकान्याकडे वळू. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत (२०२०-२१) देशातल्या स्त्रियांमधलं स्थलांतराचं प्रमाण ४७.९ टक्के आणि पुरुषांमधलं १०.७ टक्के निघालं. गाव सोडलेल्या या बायकांपैकी ८६.८ टक्क्यांच्या पुढे कारण लिहिलं आहे ‘विवाह’. खेड्यातून खेड्यात नांदायला गेलेल्या असंख्य जणी यात आहेतच. पण लग्न करून शहरात आलेली आणि वीस वर्षं चार घरची भांडी घासणारीही यातच आहे. कारण एकच लिहायचं असतं आणि ते आली तेव्हाचं. तिनं उभं आयुष्य राबून शहर चालवलं, तरी कागदावर ती नवऱ्यामागून आलेली बायको. एकदा बायको ठरली की कामगार म्हणून तिची खोली, तिच्या लेकराचं पाळणाघर, तिचा संडास यांचा विचार नियोजनात करावाच लागत नाही.

कायदाही तसाच. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. आता त्याची जागा २०२०च्या श्रमसंहितेनं घेतली आहे, ती नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. दोन्हीकडे शब्द एकच : आंतरराज्य. आमच्या तुमसरची बाई शेजारच्या बालाघाटला गेली तर तिनं राज्याची सीमा ओलांडली. तीच महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये दिवस-रात्र बसून पुण्याला गेली, तर ती स्थलांतरित कामगारच नाही! घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण कल्याण म्हणजे हक्क नव्हे. मजुरी, सुट्टी, कामाचे तास यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११चा करार भारतानं अजून मान्य केलेला नाही. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं की, घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा.

यावर काही मैत्रिणी म्हणतील, हे स्वेच्छेचं जाणं झालं, पण पोटासाठी फरफटत जाणाऱ्यांचं काय? बीडच्या ऊसतोड बायकांचं काय? प्रश्न रास्त आहे. त्या बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं प्रकरण २०१९मध्ये राज्यभर गाजलं. पण ते घडलं कशानं? ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल नवऱ्याच्या हाती, एक दिवस खाडा झाला तर दंड, फडात ना पाणी ना आडोसा. गाव सोडलं एवढ्यानं हे झालं नाही, करार असा होता म्हणून झालं. बाईचं नाव वेगळं लिहा, तिची मजुरी तिच्या हातात द्या, खाड्याचा दंड बंद करा, असं मुकादमाला आणि कारखान्याला ठणकावून सांगायचं सोडून आपण बाईलाच म्हणायचं, तू जाऊ नकोस? सासू तेच म्हणते, सरपंच तेच म्हणतो. मग आपण संघटना कशाला काढल्या?

शहरात आलेल्या बायकांनी आपली वाट स्वतः काढल्याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुण्यात १९८०मध्ये मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना झाली. १९९३मध्ये पुण्यातच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातल्या कितीतरी कचरावेचक बायकांची कुटुंबं १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली. महापालिकेनं मान्य केलेलं ओळखपत्र त्यांनी लढून मिळवलं. त्या वेळी कुणी त्यांचं ‘स्थलांतर रोखलं’ असतं तर?

म्हणून आपल्याच गटांपुढे मी काही मागण्या ठेवते.

बाई जाणार असेल तर जाण्याआधी तिच्याशी बसा. ती निघायच्या वेळीच भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतात. ‘तुले आता इथं काय करायचं?’ म्हणतात. महाराष्ट्रात १९९४पासून आणि देशभर २००५पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा आहे. गाव सोडल्यानं तो जात नाही. सही करू नकोस, हे तिला ठणकावून सांगा.

रेशनकार्ड देशात कुठेही चालतं, हे तिला सांगा आणि धान्य शहरातल्या दुकानातून प्रत्यक्ष मिळेपर्यंत पाठ सोडू नका. तिचं गटातलं खातं बंद करू नका. हप्ता पुण्याहून आला तर पैसे बाटतात का?

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आपल्या संघटना एकमेकींना ओळखतात, अधिवेशनांना भेटतात. मग भंडाऱ्याहून निघालेल्या बाईच्या हातात पुण्याच्या संघटनेचा पत्ता का नसतो? ठेकेदाराकडे तिचा फोन नंबर असतो, आपल्याकडे नसतो, ही लाजेची गोष्ट आहे.

आणि सरकारकडे मागायचं ते शहरातच मागा : वस्तीत पाळणाघर, भाड्याच्या खोलीची पावती, मजूर बाईलाही परवडेल असं वसतिगृह. नोकरदार महिलांच्या वसतिगृहाची केंद्राची योजना १९७२-७३पासूनची आहे. तिच्यात भांडी घासणारी ‘नोकरदार’ धरली जाते का, हे विचारायची वेळ आली आहे.

ज्या बाईला राहायचं आहे तिला गावातच काम मिळालं पाहिजे, रोवणीची मजुरी वाढली पाहिजे, त्यासाठीही लढू. पण राहायचं की जायचं, हे तिनं ठरवू द्या.

टाके काढून झाल्यावर ती गेली. वरठी स्टेशनवर मी तिला आणि तिच्या मुलीला गाडीत बसवून दिलं. हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही, एवढं तिनं डब्याच्या दारातून सांगितलं. आता चार घरी पोळ्या करते, मुलगी पालिकेच्या शाळेत जाते. खोली लहान आहे, मालक कटकट करतो, गटाचा हप्ता दर महिन्याला येतो.

मागच्या दोन तिमाहींत मी तो रकाना कोरा ठेवला आहे. कार्यालयानं लेखी खुलासा मागवला आहे. हाच माझा खुलासा समजावा. तुमच्याही अहवालात असा रकाना असेल, तर त्यात तुम्ही काय भरता, ते लिहून कळवा.